व्हायोलिन घेताना चकाकी पाहू नका, जुळणी पाहा

मुलांना संगीत शिकवू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी खरेदीचा हिशेब

आकुर्डी, निगडी, चिंचवडच्या पट्ट्यात तबला-पेटीच्या वर्गांबरोबर आता गिटार आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्याही दिसतात. मूल वर्गाला जाऊ लागले की पहिल्या आठवड्यातच गुरुजींचा निरोप येतो, "वाद्य घेऊन या." मग कारखान्यात पाळी करणारा बाप सुट्टीच्या दिवशी लोकलने पुणे गाठतो किंवा मोबाइलवर फोटो पाहून ऑर्डर देतो. तबला घेताना दोन थापा मारून काहीतरी अंदाज बांधता येतो. व्हायोलिनच्या बाबतीत मात्र सामान्य गिऱ्हाईक अगदीच अनभिज्ञ असते. सगळी वाद्ये सारखीच दिसतात, सगळीच चकाकतात. साहजिकच जे सर्वांत जास्त चकाकते किंवा जे सर्वांत स्वस्त असते, ते घरी येते.

पुढे काय होते, हे शिकवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. खुंट्या घसरतात, तारा बोटांना कापतात, स्वर लागत नाही. सहा महिन्यांत वाद्य कपाटावर जाते आणि "आमच्या मुलाला गळा-हात नाही" असा निकाल लागतो. पुष्कळदा दोष मुलाचा नसतो. वाद्य वाजण्याच्या स्थितीतच नसते. पगारातून बाजूला काढलेले चार पैसे जातात ते जातातच, शिवाय मुलाचा स्वतःवरचा विश्वासही जातो. हे नुकसान टाळणे कठीण नाही. त्यासाठी संगीताचे ज्ञान असण्याचीही गरज नाही. कोणत्या गोष्टी पाहायच्या आणि पैसा कुठे घालायचा, एवढे समजले तरी पुरे.

जवारीचा धडा

आपल्या राज्यात वाद्यनिर्मितीचे मोठे केंद्र म्हणजे मिरज. हत्यारांना धार लावण्याचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातले आद्य नाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला गायक नुसता भोपळा आणि नक्षी पाहून परत येत नाही. तो कारागिरासमोर बसतो, आपला षड्ज सांगतो आणि घोडीची जवारी लावून घेतो. जवारी बिघडलेली असेल तर उत्तमातला उत्तम तंबोराही मुका वाटतो.

व्हायोलिनलाही अशीच जवारी असते, फक्त तिला तसे नाव नाही. घोडीची उंची, आतल्या खांबाची जागा, खुंट्यांची पकड आणि तारांचा दर्जा, या सर्वांची मिळून जी जुळणी होते तीच व्हायोलिनची जवारी. फरक एवढाच की तंबोरा कारागिराच्या हातून थेट मिळतो, तर व्हायोलिन बहुतेक वेळा कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येते. मधला कारागीर गळून पडतो आणि त्याच्याबरोबर जुळणीही गळून पडते. खरेदी करताना हा गळालेला कारागीर पुन्हा शोधायचा आहे, हेच या लेखाचे सार आहे.

आकुर्डीच्या वाचकाला हे समजायला अवघड नाही. ज्या गावात चेतक स्कूटर तयार झाली, तिथला माणूस नवी गाडी ब्रेक, क्लच आणि हवा न तपासता रस्त्यावर काढत नाही. नवे व्हायोलिनही तपासल्याशिवाय मुलाच्या हाती देऊ नये.

आधी गरज ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे घरीच ठरवावीत. वाजवणार कोण? कोणत्या पद्धतीने? आणि किती वर्षे?

लहान मुलासाठी घेतलेले वाद्य दोन-तीन वर्षांत लहान पडते. त्यामुळे तिथे फार पैसा गुंतवू नये. पण वाद्य वाजण्याजोगे असलेच पाहिजे. पाळी संपल्यावर छंद म्हणून शिकणाऱ्या प्रौढाने एकदाच पण थोडे बरे वाद्य घ्यावे, कारण त्याला पुन्हा माप बदलायचे नसते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मध्यमा, विशारदपर्यंत जाण्याचा विचार असेल, तर पहिली दोन-तीन वर्षे साध्या वाद्यावर काढून मग गुरूंच्या सल्ल्याने दुसरे घेणे फायद्याचे ठरते.

पद्धतीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य पद्धतीत वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून वाद्य खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये धरतो. हिंदुस्थानी पद्धतीत वादक जमिनीवर बसतो आणि वाद्याचे गुंडाळीसारखे टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवतो. पाश्चात्त्य पद्धतीत चारही तारांचे स्वर ठरलेले असतात. आपल्याकडे षड्जानुसार सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा जोड्यांत तारा लावतात. गाण्याच्या साथीसाठी तारा बऱ्याचदा खाली उतरवाव्या लागतात, मींडेसाठी बोट तारेवरून सरकवावे लागते. म्हणून कोणत्या पद्धतीने शिकणार, हे दुकानदाराला आधीच सांगावे. तारा आणि घोडीची उंची त्यानुसार निवडता येते.

मराठी कानाला या वाद्याची गोडी नवी नाही. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग आणि डी. के. दातार यांनी हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला मानाचे स्थान मिळवून दिले. सुधीर फडके यांच्या गीतरामायणाला साथ करणारे प्रभाकर जोग यांचे 'गाणारे व्हायोलिन' तर घराघरांत ऐकले गेले. मूल असा स्वर ऐकूनच या वाद्याकडे वळते. त्याला तो स्वर थोडा तरी निघेल असे वाद्य मिळायला हवे.

माप चुकले तर सगळे चुकले

"मूल वाढतेच आहे, मोठेच घेऊन टाकू," हा विचार कपड्यांना चालतो, व्हायोलिनला चालत नाही. मोठ्या वाद्यावर लहान हात ताणला जातो, बोटे चुकीच्या जागी पडतात आणि लागलेली वाईट सवय मोडायला पुढे वर्ष जाते.

व्हायोलिन पूर्ण, पाऊण, अर्धे, पाव अशा मापांत मिळते. ही नावे शब्दशः घेऊ नयेत. अर्धे व्हायोलिन लांबीने पूर्ण व्हायोलिनच्या निम्मे नसते. पूर्ण मापाच्या वाद्याच्या धडाची लांबी सुमारे ३५.५ सेंटीमीटर असते, अर्ध्याची सुमारे ३१.

मापासाठी मुलाचा डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर धरायला सांगावा आणि मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. ते ५८ सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर पूर्ण माप, ५५-५६ च्या आसपास असेल तर पाऊण, ५१ च्या आसपास असेल तर अर्धे आणि ४७ च्या आसपास असेल तर पाव, असा ढोबळ नियम आहे. दोन मापांच्या मध्ये असेल तर लहान माप घ्यावे. साधारणपणे अकरा-बारा वर्षांनंतर पूर्ण माप चालते; पण वय हा अंदाज आहे, हात हा पुरावा आहे.

लाकडाची ओळख

चांगल्या व्हायोलिनचा वरचा पृष्ठभाग स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा असतो. पाठ, बाजू आणि मान मॅपलची असते. बोटे जिच्यावर पडतात ती काळी पट्टी आणि खुंट्या शिसवी किंवा आबनुसासारख्या कठीण लाकडाच्या असतात, कारण तिथे सतत घर्षण होते.

स्वस्त मालात नेमकी इथेच काटकसर केलेली असते. पट्टी हलक्या लाकडाची करून तिला काळा रंग फासतात. पट्टीच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला नीट पाहिले तर रंगाचे ओघळ किंवा खरवडलेल्या ठिकाणी पांढरे लाकूड दिसते. अशा पट्टीवर वर्षभरात तारांचे चरे पडतात.

वाद्याच्या कडेने धावणारी काळी रेघही पाहावी. चांगल्या वाद्यात ती लाकडाची बारीक पट्टी खाचेत बसवलेली असते; कडेला गेलेली भेग आत पसरू नये, हा तिचा उपयोग. स्वस्त वाद्यात ती नुसती शाईने काढलेली असते. रेघ काढलेली असली म्हणून वाद्य टाकाऊ ठरत नाही, पण किंमत ठरवताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

जाड, काचेसारखे चकाकणारे व्हार्निश हा गुण समजू नये. जाड थर लाकडाचे कंपन दाबतो. एकसारखा पातळ थर आणि खाली दिसणारे लाकडाचे रेषे, हे चांगले लक्षण आहे.

जुळणी कशी तपासाल?

हा भाग आपल्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांच्या हातचा आहे. ज्याला व्हर्नियर धरता येतो, त्याला व्हायोलिनची निम्मी परीक्षा करता येते. खाली दिलेली मापे पूर्ण आकाराच्या वाद्याची आहेत.

पहिली गोष्ट तारांची उंची. काळी पट्टी जिथे संपते तिथे पट्टी आणि तार यांमधील अंतर मोजावे. सर्वांत पातळ तारेखाली ते ३ ते ३.५ मिलिमीटर आणि सर्वांत जाड तारेखाली ४.५ ते ५.५ मिलिमीटर असावे. कारखान्यातून आलेल्या वाद्यात घोडी बऱ्याचदा जशीच्या तशी उंच ठेवलेली असते. मुलाच्या बोटांना फोड येतात ते यामुळे.

दुसरी गोष्ट खुंट्यांच्या बाजूची छोटी पट्टी, जिला कारागीर नट म्हणतात. तिथे तार आणि काळी पट्टी यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर पहिल्या बोटाचा स्वर नेहमी चढा लागतो.

तिसरी गोष्ट घोडी. ती वाद्याला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. तिचे दोन्ही पाय पृष्ठभागावर फट न राहता टेकलेले हवेत. पाय इंग्रजी एफ अक्षरासारख्या दोन छिद्रांच्या मधल्या खाचांच्या रेषेत असावेत. घोडी पुढे झुकलेली नसावी. नट आणि घोडी यांमधील तारेची लांबी साधारण ३२.५ ते ३३ सेंटीमीटर भरते.

चौथी गोष्ट डोळ्यांना सहज न दिसणारी. छिद्रातून आत पाहिले की पृष्ठभाग आणि पाठ यांच्यामध्ये सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा एक छोटा खांब दिसतो. तोही चिकटवलेला नसतो. घोडीच्या पातळ तारेकडच्या पायाच्या किंचित मागे तो उभा असतो. फ्रेंच भाषेत याला 'आत्मा' असे म्हणतात, यावरून त्याचे महत्त्व लक्षात येईल. खांब एखादा मिलिमीटर सरकला तरी आवाज बदलतो. तो पडलेला असेल तर तारा मुळीच ताणू नयेत. चार तारांचा मिळून ताण २० किलोच्या वर जातो आणि आधार नसेल तर पृष्ठभाग खचू शकतो. कुरिअरने आलेल्या वाद्यात घोडी आणि खांब पडलेले असणे ही नित्याची बाब आहे.

पाचवी गोष्ट खुंट्या. प्रत्येक खुंटी फिरवून सोडावी. ती जागच्या जागी थांबली पाहिजे आणि झटके न देता फिरली पाहिजे. थोडी घसरत असेल तर खडू, अडकत असेल तर कोरडा साबण, हा कारागिरांचा जुना उपाय आहे. पण खुंटी आणि तिचे छिद्र यांचा उतारच जुळत नसेल तर खडू-साबणाने भागत नाही. नवशिक्यासाठी खालच्या बाजूला चारही तारांना बारीक स्क्रू असलेले वाद्य घ्यावे, म्हणजे स्वर लावणे सोपे जाते.

शेवटी कानाची परीक्षा. तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलके ठेवून वाजवले की वरच्या सप्तकातला तोच स्वर निघतो. त्याच जागी तार दाबून वाजवली तरी तोच स्वर यायला हवा. फरक पडत असेल तर तार खराब आहे किंवा जुळणी बिघडलेली आहे. मग चारही तारा मोकळ्या वाजवून कुठे झणझण किंवा खडखड येते का ते ऐकावे. स्वतःला वाजवता येत नसेल तर येणाऱ्याला बरोबर न्यावे आणि आपण चार-पाच पावले दूर उभे राहून ऐकावे. दोन वाद्ये पाठोपाठ ऐकली तर नवख्या कानालाही फरक कळतो.

बो, तारा आणि राळ

व्हायोलिनबरोबर मिळणारा गज, म्हणजेच बो, हे 'सोबत फुकट आलेले' सामान नसते. स्वर तोच काढतो. बो टोकाकडून पाहिल्यावर सरळ दिसावा, डावी-उजवीकडे वळलेला नसावा. स्क्रू घट्ट केल्यावरही काठीचा आतल्या बाजूचा बाक टिकला पाहिजे. पूर्ण मापाच्या बोचे वजन साधारण ६० ग्रॅम असते. त्याला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात. उत्तम बो ब्राझीलमधील पर्नाम्बुको लाकडाचा असतो, पण तो महाग असतो. नवशिक्याला साधा लाकडी किंवा कार्बन फायबरचा बो चालतो. वाजवून झाले की केस सैल करून ठेवणे ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

स्वस्त संचासोबत येणाऱ्या तारा बहुतेक वेळा सर्वांत हलक्या असतात. साध्या वाद्यावर चांगल्या तारा चढवल्या की आवाज लगेच सुधारतो. कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. नवशिक्याला पोलादी गाभ्याच्या तारा पुरतात. कृत्रिम गाभ्याच्या तारांचा आवाज मऊ असतो, पण त्या महाग पडतात.

राळ न लावता बो फिरवला तर आवाजच निघत नाही. "वाद्य खराब निघाले" म्हणून दुकानात परत आणणाऱ्यांपैकी काहींनी नुसती राळ लावलेली नसते.

रामपूर, चीन आणि जुना माल

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारचा माल दिसतो.

रामपुरी म्हटले की आपल्याला चाकू आठवतो. पण उत्तर प्रदेशातील हेच रामपूर व्हायोलिनसाठीही ओळखले जाते. तिथल्या छोट्या कारखान्यांत मुस्लिम कारागीर अनेक दशकांपासून हाताने व्हायोलिन बनवतात आणि हा माल देशभर जातो. रामपूरची संगीताची परंपराही मोठी आहे. नवाबांच्या दरबारातील वजीर खाँ यांच्याकडे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ शिकले आणि हे अल्लाउद्दीन खाँ स्वतः व्हायोलिनही वाजवत. गेल्या काही वर्षांत स्वस्त चिनी मालाने रामपूरच्या कारागिरांचा धंदा खाल्ला आणि पुष्कळांनी हे काम सोडले. रामपुरी माल घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हातकामामुळे एकाच किमतीच्या दोन वाद्यांत फरक असतो. एखादे फार चांगले निघते, एखादे बेताचे. म्हणून चार वाद्ये वाजवून त्यातले एक निवडावे.

चिनी माल बहुतांशी यंत्रांच्या मदतीने मोठ्या कारखान्यांत बनतो. जियांग्सू प्रांतातील ह्वांगच्याव हे गाव तर व्हायोलिनसाठीच प्रसिद्ध आहे. मापांत सारखेपणा आणि कमी किंमत, हे या मालाचे बलस्थान. दोष म्हणजे तो बऱ्याचदा जुळणी न करताच खोक्यात बंद होतो. नाव भारतीय किंवा युरोपियन वाटले तरी माल चिनी असू शकतो; म्हणून नावापेक्षा उत्पादनाचा देश विचारावा.

तिसरा जुना माल. ओळखीच्या वादकाकडून घेतलेले जुने वाद्य पुष्कळदा नव्यापेक्षा सरस ठरते. पण पाठीला आतल्या खांबाच्या जागी भेग असेल तर ते घेऊ नये. ती दुरुस्ती खर्चिक असते आणि वाद्याची किंमत उतरते. कीड लागल्याची बारीक छिद्रे आणि मानेचा जोड हेही पाहावे. कडेचा सांधा थोडा सुटला असेल तर मात्र घाबरू नये. चांगले वाद्य सरसाने चिकटवलेले असते. हवेच्या बदलात लाकूड फाटण्याऐवजी सांधा सुटावा, अशीच ती योजना आहे. सरसाने तो पुन्हा जोडता येतो. त्यावर घरी फेव्हिकॉल किंवा झटपट चिकटणारा गोंद लावू नये.

आतल्या चिठ्ठीवर जाऊ नका

जुन्या बाजारात एक किस्सा नेहमीचा असतो. विकणारा छिद्रातून आतली चिठ्ठी दाखवतो. तिच्यावर लॅटिनमध्ये स्ट्राडिव्हारिअस, क्रेमोना आणि सतराशे साली बनवल्याचा उल्लेख असतो. मग आवाज खाली आणून किंमत सांगितली जाते.

इटलीतील क्रेमोना गावचा अंतोनिओ स्ट्राडिव्हारी १७३७ साली वारला. त्याने बनवलेली सुमारे ५०० व्हायोलिने आज शिल्लक आहेत आणि जाणकारांना त्यांचा ठावठिकाणा माहीत असतो. मात्र एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन, मिटनवाल्ड आणि फ्रान्समधील मिरकूर यांसारख्या गावांतून त्याच्या नमुन्यावर लाखो वाद्ये बनली आणि त्यांत अशा चिठ्ठ्या सर्रास चिकटवल्या गेल्या. चिठ्ठी वाद्याचा नमुना सांगते, जन्म सांगत नाही. अशी जर्मन वाद्ये चांगलीही असतात. किंमत मात्र आवाज आणि स्थिती पाहून द्यावी, चिठ्ठी पाहून देऊ नये.

शंभर रुपयांची वाटणी

ऑनलाइन बाजारात ठेवण्याची पेटी, बो आणि राळ यांसह पूर्ण संच चार-पाच हजार रुपयांतही मिळतो. तो घेऊच नये असे नाही. पण त्यावर जुळणी आणि तारांचा खर्च वेगळा येणार हे धरूनच घ्यावा. हा खर्च धरला की स्वस्त संच आणि दुकानात जुळणी करून मिळणारे वाद्य यांतला फरक बराच कमी होतो.

बजेट कितीही असो, एक ढोबळ वाटणी उपयोगी पडते. शंभर रुपयांपैकी साठ वाद्यावर, पंधरा बोवर, पंधरा जुळणी आणि तारांवर खर्च करावेत आणि दहा पहिल्या वर्षाच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावेत. समजा, हाती १२,००० रुपये आहेत. वाद्य ७,२०० रुपयांचे, बो १,८०० चा, जुळणी आणि तारा १,८०० च्या आणि १,२०० रुपये शिल्लक. सगळे १२,००० वाद्यावर घालून जुळणीविना घरी नेण्यापेक्षा ही खरेदी जास्त वाजेल.

मुलासाठी घेत असाल तर मोठ्या मापाच्या वेळी जुने परत घेऊन किंमत वजा करण्याची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारून पावतीवर लिहून घ्यावे. वर्गातील पालकांनी आपसात लहान मापाची वाद्ये एकमेकांना विकणे हा सर्वांत सोपा मार्ग. पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशी चार वाद्ये प्रत्येक घराने नवी घेण्याचे कारण नाही.

गुरुजींचा सल्ला जरूर घ्यावा. एखाद्या दुकानातूनच घ्या असा आग्रह असेल, तर त्यांचा त्यात काही भाग आहे का हे मोकळेपणाने विचारावे. भाग असण्यात गैर नाही, लपवण्यात आहे.

पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर माप, देश आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्यावी. आयात मालाच्या वेष्टनावर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर उत्पादनाचा देश दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. कुरिअरने आलेले खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

आपली हवा आणि वाद्याची निगा

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट असते. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि खुंट्या घसरतात. पावसाळ्यात ते फुगते आणि खुंट्या अडकतात. वाद्य पत्र्याच्या छपराखाली, खिडकीच्या उन्हात किंवा उभ्या गाडीत ठेवू नये. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. वाजवून झाल्यावर राळेची पूड मऊ कापडाने पुसावी; ती साचली की व्हार्निश खाते. तारा बदलताना चारही एकदम काढू नयेत, नाहीतर घोडी आणि खांब पडतो.

सोसायटीत शेजाऱ्यांना त्रास नको असेल तर घोडीवर बसणारा रबरी म्यूट मिळतो. त्याने आवाज बराच कमी होतो आणि रात्रपाळीवरून आलेला शेजारीही झोपू शकतो.

दुरुस्ती हाही धंदाच

शेवटी एक गोष्ट धंद्याच्या दृष्टीने. वाद्य विकणारे पुष्कळ आहेत, ते नीट जुळवणारे हात त्या मानाने थोडे आहेत. घोडी कापणे, खांब बसवणे, खुंट्या जुळवणे, बोला केस भरणे, या कामाला मोठे भांडवल लागत नाही. चाकू, कानस, गेज, चिकाटी आणि चांगला कान लागतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत काम करणारे टूलरूमचे हात या पट्ट्यात जितके आहेत तितके फार थोड्या ठिकाणी असतील. अशा एखाद्या तरुणाने जाणत्या कारागिराकडे काही काळ बसून हे काम शिकून घेतले, तर त्याला जोडधंदा मिळेल आणि इथल्या मुलांना जुळवलेले वाद्य मिळेल.

तोवर गिऱ्हाइकाने एवढे करावे : टेप घेऊन मुलाचा हात मोजावा, व्हर्नियर खिशात टाकावा, वाजवणारा माणूस बरोबर घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला विचारावे, "बिघडले तर दुरुस्त कोण करणार?" ज्या दुकानात या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळेल, तिथूनच व्हायोलिन घ्यावे.